नऊ गाठींची होडी

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा राजे होते, पण ते डोंगरापलीकडे राहायचे, आणि समुद्रकाठच्या माणसांची त्यांना क्वचितच आठवण व्हायची. त्यामुळे तिथल्या लोकांनी आपली काळजी आपणच घ्यायची सवय लावून घेतली होती. आपला हात जगन्नाथ, दुसरं काय!

असंच एक गाव होतं खाडीच्या तोंडाशी. शंभरेक घरं आणि अठरा होड्या. आता बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, होडी म्हणजे तिथे नुसतं तरंगणारं लाकूड नव्हतं. एकेका होडीवर पाच-पाच, सहा-सहा चुली पेटायच्या. होडी गेली की त्या सगळ्या चुली एकदम थंड. आणि समुद्र काही कुणाला विचारून होड्या बुडवत नाही. यंदा याची, पुढच्या वर्षी त्याची. कुणाची पाळी कधी, हे कुणालाच ठाऊक नसतं.

म्हणून गावाने एक रीत पाडली होती.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी, समुद्राला नारळ द्यायच्या आधी, सगळे नाखवे, म्हणजे होड्यांचे मालक, किनाऱ्यावरच्या गावमांडवात जमायचे. मांडवाची राखण मथीआजीकडे. वय विचाराल तर तिलाही सांगता आलं नसतं, पण जीभ मात्र सोळा वर्षांची. प्रत्येक नाखव्याने तिच्यापुढे बसायचं आणि आपली होडी किती हात लांब आहे ते सगळ्यांदेखत बोलायचं. जितके हात तो बोलेल तितक्या गाठी आजी काथ्याच्या दोरीला हातहातभर अंतरावर मारायची. हात कुणाचा? आजीचाच, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. त्यामुळे हातावरून भांडण नाही. गाठी मारून झाल्या की दोरी मांडवाच्या आढ्याला टांगली जायची.

मग हंगाम संपला की एका गाठीला एक पाटी, या हिशेबाने ज्याने त्याने सुकी मासळी मांडवात आणून टाकायची. उन्हाळ्यात डोंगरातले लाकूडतोडे उतरायचे, सुकी मासळी घेऊन जायचे आणि बदल्यात सागाच्या फळ्या ठेवून जायचे. त्या फळ्या कुणा एकाच्या नव्हेत, साऱ्या गावाच्या. ज्याची होडी समुद्राने गिळली, त्याची दोरी आढ्यावरून काढायची, वाळूवर ताणून आखायची, आणि त्या दोरीएवढी नवी होडी सगळ्या गावाने मिळून बांधून द्यायची. झालं. इतकी सोपी रीत.

गाठी मारायच्या आधी आजी दरवर्षी घसा खाकरायची आणि त्याच त्या अटी ऐकवायची. पोरांना त्या इतक्या पाठ झाल्या होत्या की ती तिच्याबरोबर सुरात म्हणायची.

“वादळानं मोडली, खडकावर फुटली, आगीनं जळली, तर मांडव देईल. तुझ्या होडीनं दुसऱ्याची होडी फोडली, तर तीही मांडव सांधून देईल. पण वर्षभर तेल दाखवलं नाहीस आणि किडीनं खाल्ली, तर मांडव देणार नाही. पावसाळ्यात वर ओढली नाहीस आणि वाहून गेली, तर मांडव देणार नाही. आणि जेवढं बोललास तेवढंच मिळेल. बोटभर जास्त नाही. आणि होडी होती त्याहूनही बोटभर जास्त नाही.”

“आणि आजी, तू होड्या मोजायला का जात नाहीस?” कुणीतरी विचारायचंच.

“माझे गुडघे दुखतात,” आजी म्हणायची, “आणि तुमची तोंडं चांगली चालतात. तुम्हीच सांगा.”

एका वर्षी एका बढाईखोराने अकरा हातांची होडी अठरा हात सांगितली. वर्षभर पाट्या भरता भरता त्याची कंबर मोडली, आणि होडी फुटली असती तरी अकरा हातांच्या होडीला अठरा हातांचं लाकूड आजीने दिलंच नसतं. पुढच्या पौर्णिमेला त्याची होडी आपोआप आखडली! पण आपली गोष्ट त्याची नाही. आपली गोष्ट आहे उलट्या खोडीच्या माणसाची.

त्याचं नाव चांगो. धडधाकट, हसरा, मनाने राजा माणूस. अर्ध्या रात्री उठवा, तुमच्या मदतीला धावेल. पण त्याला एकाच गोष्टीची भीती होती, ती म्हणजे दृष्ट लागण्याची. लहान असताना त्याच्या आईने दारच्या माडाकडे बघून “यंदा काय लगडलाय गो!” म्हटलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी त्या माडावर वीज पडली होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पण चांगोने त्या दिवसापासून कानाला खडा लावला. आपल्याकडे काही चांगलं आहे, हे त्याने पुन्हा कधी तोंडाने कबूल केलं नाही.

शेजाऱ्याने विचारावं, “काय नाखवा, आज काय बेत?” तर पापलेटचा रस्सा मिशीवरून ओघळत असताना चांगो म्हणायचा, “कसला बेत! मीठपाणी, दुसरं काय.” हे ऐकून आतून त्याची बायको धुरपा पळी आपटायची. त्यांची मुलगी इतकी गोड की बघणाऱ्याने उचलूनच घ्यावी, तर चांगोने तिचं नाव ठेवलं धोंडी. आणि होडी? तिच्यासारखी होडी त्या खाडीत दुसरी नव्हती. पक्क्या सागाची, बावीस हात लांब, सहा माणसं आणि भरलेली जाळी घेऊन वाऱ्याला हसत जाणारी. लांबलांबच्या गावांतून लोक तिला बघायला यायचे आणि नाव विचारायचे.

“फुटकी,” चांगो गंभीरपणे सांगायचा.

चांगोच्या होडीवर त्याच्यासकट सहा जण. बाकीचे पाच जण त्याचे खलाशी, त्यात सगळ्यांत जुना भिकलू. बोलायला कमी, पोहायला पटाईत, आणि नाखव्यावर जीव टाकणारा.

तर, फुटकीच्या पहिल्या नारळी पौर्णिमेला चांगो आजीपुढे बसला.

“बोल रे चांग्या, किती हात?”

चांगोने मागे वळून समुद्राकडे पाहिलं. लाटा किनाऱ्याला लागून कान टवकारून बसल्यात, असं त्याला वाटलं. त्याने आवाज खाली आणला.

“आपलं कसलं काय, आजी. होडकं आहे. नऊ हात.”

मांडवात खसखस पिकली. मागे उभा असलेला भिकलू खोकला. हसुराम नावाचा शेजारचा नाखवा, मनात येईल ते बोलून मोकळा होणारा, म्हणाला, “अरे, नऊ हात तर तिची सावली असेल भर दुपारची!”

“चूप रे! दृष्ट लावशील,” चांगो म्हणाला.

आजीने दोरी मांडीवर ठेवली. “चांग्या, नीट ऐक. दोरीला डोळे नसतात. ती जेवढं ऐकते तेवढंच बोलते. पुन्हा विचारते, किती हात?”

“झाकली मूठ सव्वा लाखाची, आजी. नऊच.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची असेल रे बाबा,” आजी म्हणाली, “पण उघडायची वेळ आली की आत असतं तेवढंच दिसतं.” आणि तिने नऊ गाठी मारल्या.

घरी येताना धुरपा वाटभर बोलत होती. “अहो, दृष्टीला घाबरता की पाट्यांना?”

“देवाशप्पथ, दृष्टीला!”

आणि ते खरंच होतं. पण खोटं कशाला बोला, बावीसच्या जागी नऊ पाट्या द्याव्या लागणार, म्हणजे तेरा पाट्या घरात राहणार, हेही चांगोच्या ध्यानात आलं होतं, आणि त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नव्हतं. भीतीला थोडा फायदा चिकटला की ती भीती माणसाला शहाणपणासारखी वाटायला लागते.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. दुसऱ्या वर्षी पौष महिन्यात हसुरामची होडी खडकावर आदळून फुटली. आजीने त्याची दोरी काढली, वाळूवर ताणली. पंधरा गाठी. हसुराम पंधरा बोलला होता, कारण होडी पंधराच हात होती. सगळं गाव कामाला लागलं. चांगो तर सर्वांत पुढे. फळ्या वाहिल्या, फटींत काथ्या ठासला, घाम गाळला. विसाव्या दिवशी हसुराम नव्या होडीतून जाळं टाकून आला, आणि त्याच्याकडच्या पाचही चुली पुन्हा धूर ओकू लागल्या.

आता हे बघून कुणीही शहाणा झाला असता. चांगो काय म्हणाला असेल?

“बघितलंस धुरपा? हसुराम खरी लांबी मोठ्याने बोलला. समुद्राने ऐकलं. माझ्या फुटकीला कुणी हात लावला का?”

धुरपाने कपाळावर हात मारला. दुसरं काय करणार बिचारी?

तिसऱ्या वर्षी कार्तिकात आभाळ स्वच्छ होतं. वारा गोड होता. चांगो आणि त्याचे पाच जण सकाळीच बाहेर पडले आणि दुपारपर्यंत जाळी जड झाली. पण परतताना दक्षिणेकडून काळं काहीतरी उठलं आणि बघता बघता अंगावर आलं. भिकलूने शिडाची दोरी सोडली, चांगो सुकाणूला लटकला, बाकीचे पाणी उपसत राहिले. उपयोग झाला नाही. ज्याला सगळे कासवखडक म्हणत, त्याच्यावर लाटेने फुटकीला उचलून आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. आणि मग तिच्या नावाप्रमाणे ती खरोखरच फुटली.

देव तारी त्याला कोण मारी! जाळ्यांना तरंगायला बांधलेले सुके भोपळे होते, त्यांना मिठ्या मारून सहाही जण लाटांबरोबर किनाऱ्याला लागले. संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्या बायका वाळूवर, सगळी पोरं वाळूवर. माणसं मोजून सहा भरली तेव्हा धुरपाचा जीव भांड्यात पडला, आणि तिने नवऱ्याला मिठी मारायच्या आधी एक धपाटा घातला.

“होडी गेली गं,” चांगो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“जाऊ दे. तुम्ही आलात ना! मांडव आहे आपला.”

मांडव आहे. चांगोलाही धीर आला. पण त्याच क्षणी भिकलूने त्याच्याकडे पाहिलं, चांगोने भिकलूकडे पाहिलं, आणि दोघांनाही एकदमच आठवलं. नऊ गाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव जमलं. आजीने आढ्याकडे काठी रोखली. सगळ्या दोऱ्या लांबलांब लोंबत होत्या, त्यात एकच दोरी आखूड होती. ती काढली. वाळूवर ताणली. एका टोकाला एक खुंटी, दुसऱ्या टोकाला दुसरी. बघायला आलेलं एक कुत्रं त्या दोरीच्या बाजूला आडवं झालं, आणि दोरीचा पाव हिस्सा त्या एका कुत्र्यातच संपला.

कुणी हसलं नाही. आदल्या दिवशी सहा माणसं मरता मरता वाचली होती.

“आजी,” चांगो म्हणाला, “अख्ख्या गावाला ठाऊक आहे, फुटकी बावीस हात होती.”

“गावाला ठाऊक आहे,” आजी म्हणाली. “दोरीला नाही.”

“पण मांडवात फळ्या आहेत ना! ढीग आहे!”

“आहे ना. तो कुणी भरला? हसुराम पंधरा पाट्या देतो. पलीकडचा तो म्हातारा चौदा देतो, धड चालता येत नाही तरी देतो. तू नऊ दिल्यास. आज मी तुला नऊवर बावीस दिले, तर पुढच्या पौर्णिमेला काय होईल, सांग बघू?”

उत्तर चांगोला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

शेवटी हसुरामच म्हणाला, “पुढच्या वर्षी माझीही होडी नऊ हात होईल. आणि याची. आणि त्याची.”

“आणि त्याच्या पुढच्या वर्षी वादळ आलं,” आजी म्हणाली, “की मी तुम्हाला रिकामा मांडव दाखवीन. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? चांग्या, मला तू नातवासारखा आहेस. पण मांडव माझा नाही, म्हणून तो मला तुझ्यावर उधळता येत नाही.”

तिचे डोळेही ओले होते, हे चांगोने पाहिलं. त्याने मान खाली घातली.

तेव्हा गावाने नऊ हातांची होडी बांधली. कुचराई मात्र कुणी केली नाही हं! उत्तम साग, घट्ट काथ्या, गुळगुळीत तासलेली नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक. हसुरामने स्वतःच्या हाताने वल्हं कोरून दिलं. बाराव्या दिवशी होडी तयार झाली. चिमुकली, देखणी, आणि दोन माणसांपुरती.

पहिल्या दिवशी सहाही जण हट्टाने तिच्यात बसले. पाणी काठाला लागलं. भिकलू शिंकला, आणि पाणी आत आलं. सहाही जण कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि होडी त्यांच्यामध्ये रिकामी तरंगत राहिली. मग मात्र किनाऱ्यावर हसू फुटलं, आणि भिजलेले सहाही जण हसले. हसायला काय लागतं? पण हसून झाल्यावर भिकलू म्हणाला,

“नाखवा, हिच्यात तुमच्याबरोबर एकच जण बसेल. ज्याच्या घरी तान्हं मूल आहे त्याला घ्या. आम्ही चौघं दुसऱ्या होड्यांवर बघतो, मिळेल ते काम.”

कुणी तक्रार केली नाही. कुणी टोमणा मारला नाही. तेच चांगोला सहन झालं नाही. त्या दिवशी तो जेवायला बसला आणि ताट तसंच पुढे ढकलून म्हणाला, “धुरपा, मला वाटायचं होडी माझी, लांबी माझी, मी वाटेल ती सांगीन. पण त्या दोरीला माझ्या एकट्याच्या गाठी नव्हत्या गं. सहा चुलींच्या होत्या. भिकलूच्या चुलीची गाठ मी त्याला न विचारता सोडून दिली.”

धुरपाने ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं आणि त्याच्या शेजारी बसली.

मग चांगो कामाला लागला. तीन वर्षं तो त्या चिमुकल्या होडीतून समुद्रावर गेला. दर पौर्णिमेला “नऊ हात” म्हणाला, आणि आता ते खरं होतं. मांडवाच्या पाट्या देऊन उरलेली मासळी धुरपा वाळवायची, आणि लाकूडतोडे उतरले की त्यांच्याकडून फळ्या घेऊन घरामागे रचायची. चौघे खलाशी दुसऱ्यांच्या होड्यांवर राबत होते. कधी काम मिळे, कधी नुसतंच हात हलवत परत यावं लागे. पण सुट्टी मिळाली की ते चांगोच्या घरामागे यायचे आणि न सांगता रंधा हातात घ्यायचे.

चौथ्या वर्षी, श्रावण लागता लागता, घरामागे एक होडी उभी राहिली. बावीस हात. चिमुकली होडी चांगोने त्या तान्ह्या मुलाच्या बापाला देऊन टाकली. एव्हाना ते मूल पळायला लागलं होतं.

नारळी पौर्णिमा आली. चांगो आजीपुढे बसला. त्याच्यामागे भिकलू आणि ते तिघे, आणि पाचवा एक नवा गडी, खांद्याला खांदा लावून उभे.

“बोल चांग्या. किती हात?”

चांगोने तोंड उघडलं. आणि काय सांगू, पुन्हा तेच! बाहेर लाट फुटली आणि त्याने मागे वळून समुद्राकडे पाहिलं. तीन वर्षं घाम गाळून बांधलेली होडी. आता मोठ्याने बोलायचं? समुद्रादेखत? खोड अशी सहज जात असती तर तिला खोड कोण म्हणालं असतं?

“आजी,” तो पुटपुटला, “बोलतो मी खरं. पण दृष्टीचं काय करू?”

लोक हसतील असं त्याला वाटलं. आजी हसली नाही. तिने त्याला विचारलं, “धोंडी तान्ही होती तेव्हा धुरपानं तिच्या गालाला काय लावलं होतं?”

“काजळाची तीट.”

“तीट लावली. तिला टोपलीखाली झाकून ठेवली नव्हती ना?”

“नाही.”

“दृष्ट लागेल म्हणून अर्धीच वाटी दूध पाजलं होतं?”

“नाही गं आजी!”

“मग होडीचं तेवढं अर्धं माप का? अरे वेड्या, दृष्टीला तीट असते. खोट्या मापाला औषध नसतं.”

मागच्या बायकांमधून धुरपा उठली. कमरेची काजळाची डबी काढून ती तरातरा मांडवाबाहेर गेली, वाळूवर उभ्या असलेल्या नव्या होडीच्या नाळेवर तिने अंगठ्याएवढी काळीभोर तीट लावली आणि तिथूनच ओरडली, “लावली हो! आता बोला!”

आणि चांगो बोलला. इतक्या मोठ्याने बोलला की आढ्यावरची कबुतरं उडाली.

“बावीस हात! सागाची! या खाडीत अशी दुसरी नाही! आणि आजी, हेही ऐक, डावीकडच्या तिसऱ्या फळीला एक बारीक चीर आहे. आत्ताच सांगून ठेवतो.”

“अरे, आता थांब!” हसुराम ओरडला. “नाहीतर सुकाणू किती रात्रींत कोरलं तेही सांगशील!”

सगळा मांडव हसला. आजीने चिरेसाठी काथ्या ठासून घ्यायला सांगितला आणि गाठी मारायला घेतल्या. बावीस गाठी मारता मारता तिची बोटं दुखली, पण तिने एकही गाठ दुसऱ्याला मारू दिली नाही. शेवटची गाठ पडली तेव्हा भिकलूने नाखव्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि दुपारी नारळ सोडून झाल्यावर होडीत सर्वांत आधी उडी मारली ती त्यानेच.

ती होडी खूप वर्षं चालली. वादळं आली, गेली. दोरी आढ्यालाच टांगलेली राहिली, एकदाही खाली काढावी लागली नाही. पुढे एकदा एक तरुण नाखवा म्हाताऱ्या चांगोला म्हणाला, “आजोबा, दरवर्षी बावीस पाट्या दिल्या आणि मिळालं काहीच नाही. फुकट गेल्या की!”

चांगो आपल्या पांढऱ्या मिशीतून हसला. “फुकट कशा रे? इतकी वर्षं सहा घरांतली माणसं बिनघोर झोपली. आणि मधल्या काळात तुझ्या बापाची होडी फुटली होती. ती कुणाच्या फळ्यांनी उभी राहिली, ते त्याला विचार.”

तेव्हापासून त्या गावात प्रत्येक होडीच्या नाळेवर एक काळी तीट असते, आणि आढ्याला टांगलेली प्रत्येक दोरी आपल्या होडीएवढीच लांब असते. धोंडीचं नाव मात्र धोंडीच राहिलं. बदलू या का म्हणून चांगोने तिला विचारलं, तर ती म्हणाली, “राहू दे बाबा, मला कोण गाठी मारायला येतंय!”

तात्पर्य: जे संकटात परत मिळावं असं वाटतं, त्याचं खरं माप सुखाच्या दिवसांतच सांगून ठेवावं.